सहा बाटल्यांचा हिशेब

प्रश्न : माझा मुलगा १ वर्ष १० महिन्यांचा आहे. आम्ही कोल्हापुरात एकत्र कुटुंबात राहतो. घरी म्हशीचं दूध येतं. तो दिवसभरात पाच बाटल्या दूध पितो आणि रात्री दोन-अडीचला उठून सहावी. बाटली २०० मिलीची आहे. जेवायला मात्र बसत नाही, वरणभाताचे दोन घास खाल्ले की तोंड फिरवतो. मग निदान पोटात काहीतरी जावं म्हणून मी पुन्हा दूध देते. शी तीन-तीन दिवस होत नाही, झाली की खडा. रडून रडून लाल होतो. कधी कधी साबणाची कांडी लावावी लागते. गेल्या महिन्यापासून कुंडीतली माती खातो, भिंतीचे पोपडे चाटतो. लसीच्या वेळी डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं, पण वजन साडेबारा किलो, चांगला गुटगुटीत आहे, म्हणून राहून गेलं. सासरे तालमीत वाढलेले. ‘दुधाबिगर पोरगं तगडं हुतंय व्हय?’ म्हणतात आणि संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर नेऊन धारेचं दूध पाजतात. माझी आई म्हणते, दूध बंदच कर. बंद केलं तर हा उपाशी राहील अशी भीती वाटते. या वयात नेमकं किती दूध द्यायचं? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : दुधाचा आकडा सांगतेच, पण त्याआधी तुमच्या पत्रातली एक ओळ. कुंडीतली माती आणि भिंतीचे पोपडे. ही ओळ वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

माती, खडू, राख, कच्चे तांदूळ, भिंतीचा चुना असलं काहीतरी खावंसं वाटणं ही खोड आहे असं समजून आपण मुलाला रागावतो. बऱ्याचदा ती शरीरात लोह कमी पडल्याची खूण असते. दिवसाला सव्वा लिटर दूध, जेवण नाही, शीचा खडा आणि माती, हे चारही एकाच धाग्यात ओवलेलं आहे असं मला वाटतं. म्हणून याच आठवड्यात त्याचं रक्त तपासून घ्या. साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी पुरे, डॉक्टर म्हणाले तर सोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. या वयात हिमोग्लोबिन साधारण ११ ग्रॅमच्या खाली गेलं की डॉक्टर लक्ष घालतात. आणि पोपडे चाटतो ती भिंत आजच झाका किंवा खरवडून स्वच्छ करून घ्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि लोह कमी असलेल्या पोटात ते जास्त शोषलं जातं.

रिपोर्ट येईपर्यंत त्याचे तळहात आणि खालच्या पापणीची आतली बाजू उजेडात बघा. शेजारी तुमचा तळहात धरा, फरक लगेच कळतो. तो खेळायचा थांबला, सारखा मलूल पडून राहायला लागला, धाप लागली किंवा डोळ्यांखाली, पावलांवर सूज दिसली, तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता ‘गुटगुटीत आहे’ याबद्दल. आपल्याकडे सुदृढ बालक स्पर्धा व्हायच्या, गालांवर बक्षीस मिळायचं. ते गाल आपल्या डोक्यातून अजून गेलेले नाहीत. मी नवी नवी प्रॅक्टिस सुरू केली होती तेव्हा असंच एक दुधावरचं, गोरंपान, भरलेल्या अंगाचं बाळ माझ्याकडे सर्दीसाठी यायचं. मी दोनदा त्याचं वजन करून ‘छान आहे’ म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या वेळी त्याच्या आजीनेच विचारलं, की याचे ओठ असे पांढरे का? रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६ होतं. मी जिला गोरेपण समजत होते ती फिकट त्वचा होती. तेव्हापासून कितीही गुबगुबीत मूल समोर आलं तरी मी आधी पापणी उलटून बघते. वजनकाट्याला चरबी कळते, लोह कळत नाही.

आपल्या मुलाचा हिशेब एकदा कागदावर मांडू.

सहा बाटल्या म्हणजे १२०० मिली. म्हशीच्या दुधात दर १०० मिलीला १०० कॅलरीच्या आसपास ऊर्जा असते. म्हणजे दुधातूनच झाल्या १२००. या वयाच्या मुलाची दिवसाची एकूण गरज असते साधारण हजार. तेव्हा तुम्ही लिहिता ‘तो काही खात नाही’, ते खरं नाही हो. त्याचं दिवसभराचं जेवण होऊन वर थोडं जास्तच होतं. तो वरणभाताला तोंड फिरवतो कारण त्याचं पोट भरलेलं असतं. तुम्ही त्याच्या जागी असतात तर तुम्हीही फिरवलं असतंत.

कॅल्शियमचं बघा. १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम लागतं, असं राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२०चं कोष्टक सांगतं. १०० मिली दुधातून साधारण १२० मिलिग्रॅम मिळतं. तुमच्या मुलाला मिळतंय चौदाशेच्या वर, जवळपास तिप्पट. आणि लोह? रोज ८ मिलिग्रॅम हवं. सव्वा लिटर दुधातून मिळेल जेमतेम दीड-दोन, तेही पुरतं अंगी लागत नाही. वर दुधातलं कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन दुसऱ्या अन्नातलं लोहसुद्धा नीट शोषू देत नाहीत. काही लहान मुलांत फार दुधामुळे आतड्यातून डोळ्यांना न दिसेल इतकं रक्तही झिरपत राहतं. दूध वाईट म्हणून हे होतं असं मुळीच नाही. दुधाने ताटातली बाकी सगळ्यांची जागा घेतली म्हणून होतं.

आईच्या पोटात शेवटच्या तीन महिन्यांत बाळाने साठवलेलं लोह जन्मानंतर साधारण सहा महिने पुरतं. पुढचं वरच्या अन्नातूनच यायला हवं. पहिली दोन वर्षं मेंदूची जडणघडण सगळ्यात वेगाने चालते आणि तिला लोह लागतं, म्हणून मी इतकी घाई करते आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांत रक्त कमी आढळलं, महाराष्ट्रात तर जवळपास ६९ टक्के. सगळ्यांना दूध जास्त झालं म्हणून नव्हे, कारणं अनेक आहेत. पण ज्या घरात दूध, अंडी, मटण सगळं येतं तिथेसुद्धा मूल त्या ६९ टक्क्यांत जातं तेव्हा मला फार वाईट वाटतं.

तर आकडा. तुमच्या मुलाच्या वयाला दिवसाला ३५० ते ४०० मिली दूध भरपूर झालं. चारशे मिलीतून कॅल्शियम जवळपास पाचशे मिळतं, म्हणजे गरज भागली. ५०० मिली ही वरची हद्द धरा, ती ओलांडायची नाही. यात दही, पनीर सगळं धरायचं. वाटीभर घट्ट दही म्हणजे १०० मिली दूध, पनीरचे दोन लहान तुकडे म्हणजेही तेवढंच. त्यामुळे दुपारी भातावर दही खाल्लं असेल तर संध्याकाळच्या पेल्यातून तेवढं कमी. ताक पातळ असतं, त्याला दूध म्हणून मोजू नका, पण जेवणाआधी पेलाभर ताकही पाजू नका. श्रीखंड, बासुंदी, गोड केलेलं पाकिटातलं दूध हे सणाचे पदार्थ, दुधाच्या हिशेबात नकोत.

गाय की म्हैस, यावर घरात वाद घालू नका. वर्ष उलटल्यावर दोन्ही चालतात. म्हशीचं जड असतं, म्हणून ३५०वर थांबलात तरी चालेल. पाणी घालून पातळ करू नका, त्याने पोट तेवढंच भरतं आणि पदरात कमी पडतं. दोन वर्षांपर्यंत साय काढलेलं किंवा डबल टोन्ड दूधही नको.

(ज्यांची मुलं अजून अंगावर दिवसातून तीन-चार वेळा नीट पितात, त्यांनी वरच्या दुधासाठी जीव टाकायची गरज नाही. आणि ज्यांचं मूल दुधाचा पेला बघून पळतं त्यांनी दही, पनीर, नाचणीचं सत्त्व, तिळाचं कूट यांवर भिस्त ठेवावी. दूध प्यायलं नाही म्हणून कुठलंही मूल अडत नाही.)

दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण पुढे कोणीतरी सुचवेलच. त्यात साखरच फार असते. एप्रिल २०२४मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाखालून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशा नावाचा प्रकारच नाही. मोठ्या मुलांसाठीच्या डब्यातल्या दुधाचीही गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या सूचनांत वर्षावरच्या मुलांना ते देऊ नका असंच म्हटलं आहे.

आता आबांचं, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचं. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि हा भाग वाचून दाखवा.

आबा, तुम्ही तालमीत दूध प्यायलात ते जोर-बैठका मारून, लाल मातीत घाम गाळून. त्या दुधाबरोबर भाकरी होती, मटण होतं, बदामाची थंडाई होती. नुसत्या दुधावर कुठल्या वस्तादाने पैलवान घडवला? नातू अजून साडेबारा किलोचा आहे आणि त्याच्या पोटात एक वाटी मावते. तुमच्या लहानपणी ‘पोराला दूध पाज’ हा सल्ला सोळा आणे खरा होता, कारण तेव्हा बहुतेक घरांत पोराच्या वाट्याला फुलपात्रभर दूध आलं तरी खूप होतं. १९७० साली दूधमहापूर योजना सुरू झाली आणि पुढे दूध पिशवीतून दारात येऊ लागलं. सल्ला तोच राहिला, फुलपात्राची मात्र लिटरची किटली झाली.

आणि कट्ट्यावरचं धारेचं दूध. गंगावेशीला म्हशी समोर पिळून फेसाळ दूध हातात देतात, ते बघायला नातवाला जरूर न्या. त्याला फार गंमत वाटेल. पण न तापवलेलं दूध त्याच्या तोंडाला लावू नका. जनावराच्या क्षयाचे, ब्रुसेलाचे जंतू कच्च्या दुधातून येऊ शकतात. जनावर बाहेरून धडधाकट दिसत असलं तरी येऊ शकतात. तुमच्या कसलेल्या पोटाला जे पचलं ते या पोटाला पचेलच असं नाही. एक उकळी फुटली की झालं. शिवाय तो पेला दिवसाच्या चारशे मिलीतलाच मोजायचा.

परत तुमच्याकडे येते. तुमच्या आईंचं ‘बंदच कर’ हेही मला पटत नाही. सहा बाटल्यांवरून एका दिवसात शून्यावर आणलं तर घरात रणकंदन होईल आणि तिसऱ्या दिवशी सगळे मिळून पुन्हा सहा बाटल्यांवर येतील. बारा-पंधरा दिवस घ्या.

सगळ्यात आधी रात्रीची सहावी बाटली काढा. ती पोटासाठीही वाईट आणि दातांसाठी त्याहून वाईट. झोपेत दूध दातांवर तसंच राहतं आणि पुढचे दात आधी काळे पडतात. मग तीन-चार दिवसांनी सकाळी दहाची, मग दुपारी झोपायच्या आधीची, मग आणखी एक. उरतील दोन वेळा, सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी १५० ते २००. आणि ही दोन्ही बाटलीतून नकोत. त्याच्यासाठी एक छोटं स्टीलचं फुलपात्र घ्या. पहिले दोन दिवस अंगावर सांडेल, सांडू द्या. बाटलीतून मूल खेळता खेळता, पेंगता पेंगता २०० मिली ओढतं. फुलपात्रातून तहान भागली की थांबतं. बाटल्या माळ्यावर नकोत, घरातूनच काढा. समोर दिसल्या की रडणं सुरू, आणि त्याहून खरं म्हणजे, समोर दिसल्या की मोठ्यांचाच धीर सुटतो.

दूध जेवणानंतर द्यायचं किंवा दोन जेवणांच्या मधोमध, जेवणाच्या आधी तासभर तर अजिबात नाही.

तो उपाशी राहील ही तुमची भीती मला समजते. पहिले तीन-चार दिवस तो खरंच कमी खाईल. पाणी पीत असेल, शू नेहमीसारखी होत असेल, खेळत असेल, तर घाबरू नका. खरी भूक कशी लागते हे त्याला गेले कित्येक महिने कळलेलंच नाही, ते कळायला वेळ द्या. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षभरात मात्र दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावते तशी भूकही मंदावते. नेमक्या याच वयात घराघरांतून ‘आमचा खात नाही’ सुरू होतं आणि त्याच भीतीपोटी बाटली परत येते. या वयाचं जेवण म्हणजे अर्धी वाटी, कधी पाऊण. दिवसातून तीनदा जेवण आणि दोनदा मधलं खाणं. मोबाइल दाखवून भरवू नका, वीस-पंचवीस मिनिटांत ताट उचला.

काय द्यायचं? वेगळा स्वयंपाक करू नका, तुमच्या घरात आहे तेच पुष्कळ आहे. अख्खा मसूर मऊ शिजवून, त्यावर लिंबू पिळून, भाकरी कुस्करून द्या. त्या लिंबाला विसरू नका, डाळी-पालेभाज्यांतलं लोह त्याच्याशिवाय नीट शोषलं जात नाही. पालेभाजी, मुगाचं धिरडं, भाजणीचं थालीपीठ लोखंडी तव्यावर करा. अंडं रोज एक द्या. आळीव तुपावर भाजून खिरीत चमचाभर चालतात. मोडाच्या नाचणीचं सत्त्व द्या, पण बाटलीतून नको, चमच्याने.

मटण घरी होत असेल तर तिखट घालण्याआधी पोराला अळणी काढून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहेच. पण बहुतेक घरांत नुसतं पाणी पाजतात. लोह त्या पाण्यात फार उतरत नाही, ते मांसात असतं. म्हणून एक-दोन फोडी अगदी मऊ शिजवून, बोटांनी चुरून अळणी भातात कालवा, किंवा खिमा द्या. मांसातलं लोह शरीरात सगळ्यात सहज मुरतं. गुळाचा मात्र भरवसा धरू नका. कोल्हापूरचा गूळ चवीला कितीही चांगला असला तरी खड्याखड्याने हिमोग्लोबिन चढत नाही. शेंगदाणे, बदाम अख्खे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या. आणि घरचे चहा घेत असताना बशीतून त्याला पाजण्याची सवय असेल तर ती आजपासून बंद. चहा लोह अडवतो.

शीचा खडा दूध उतरेल तसा मऊ होईल. तोवर पपई, मऊ पेरूचा बिया काढलेला गर, भिजवून कुस्करलेल्या मनुका आणि अधूनमधून घोटघोट पाणी. साबणाची कांडी कृपा करून लावू नका, आतली त्वचा सोलवटते आणि दुखेल या भीतीने मूल आणखी दाबून धरतं. दोन आठवड्यांत फरक पडला नाही किंवा शीला रक्त लागलं, तर डॉक्टर सौम्य औषध देतील. ते काही दिवस द्यायला हरकत नसते.

लोहाच्या औषधाबद्दल. सरकारच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप मिळतं, त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. आशाताईंकडे विचारा, तुमच्या भागात कोणाला माहीतही नसेल. पण हा डोस रक्त कमी होऊ नये म्हणून आहे. रक्त आधीच कमी असेल तर रोजचा डोस वजनावरून डॉक्टरच ठरवतील आणि तो काही महिने चालेल. ते औषध दुधाबरोबर कधी देऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. शी काळी झाली तर घाबरू नका. बाटली मुलाच्या हाताला लागणार नाही इतकी उंच ठेवा, कारण लोहाचा जास्त डोस लहान मुलाला विषासारखा असतो. माती खाल्ली आहे म्हणून जंताचं औषधही विचारून घ्या. अंगणवाडीत ते वर्षातून दोनदा मिळतं, दोन वर्षांच्या आतल्या मुलाला अर्धी गोळी चुरून देतात.

रात्रीची बाटली तोडताना पहिल्या चार रात्री त्याला तुमच्याऐवजी त्याच्या बाबांजवळ झोपवा. तुमचा वास आला की त्याला दूध आठवणार. उशाशी पाण्याचं फुलपात्र झाकून ठेवा, उठला तर दोन घोट पाणी आणि पाठीवर थोपटणं. पहिल्या रात्री तो तासभरही रडेल. तेव्हा आजी-आजोबा खोलीत येऊ नयेत म्हणून दिवसाच सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवा.

रिपोर्ट आला की हिमोग्लोबिनचा आकडा मला कळवा. त्याच्याखाली एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) असं लिहिलेलं असेल, तोही आकडा पाठवा.